पहिली घट

बाहेर उणे सव्वीस.
साइमा सरोवर जुन्या पत्र्यासारखं पडलंय.
पहाटे पावणेसहाला मी भट्टीची नळी ओढते,
आत काल रात्रीचं झाड असतं,
म्हणजे झाड म्हणावं असं काही उरलेलं नसतं.

कागदाच्या गिरणीतून येतो तो काळा रस,
लगदा काढून घेतल्यावर मागे राहणारा.
त्यातलं लिग्निन म्हणजे
बर्चला वाऱ्यात उभं धरणारा चिकट हट्ट.
वडील त्या सगळ्याला नुसतं ‘काळं’ म्हणायचे.
एकतीस वर्षं त्यांनी ते बॉयलरमध्ये जाळलं
आणि त्याचा वास शर्टातून घरी आणला,
सडक्या कोबीचा.
आई दोनदा धुवायची. मग एकदाच. मग पडदेही तसेच वासायला लागले.

मी तेच काळं जाळते,
फक्त राख होऊ देत नाही.
आधी अडीचशेवर हवेत शेकायचं,
नाहीतर फेस होऊन नळीभर चिकटतं
(कोवळ्या ओनीने एकदा केलं, दोन दिवस खरवडत होता).
मग हवा बंद, नायट्रोजन सुरू,
मिनिटाला दोन अंश,
बाराशेवर दोन तास.
या कामात उतावळ्याचं काही शिजत नाही.

रिट्वा म्हणते, ग्राफाइट म्हणजे नीट घड्यांचं कपाट.
लिथियम येतो, घडीत शिरतो,
सहा कार्बनांमागे एक जागा, हिशेब चोख.
पण थंडीत कपाटाचं दार अडतं,
आणि घाईने चार्ज केलं तर
रांगेतले उंबऱ्यावरच धातू होऊन बसतात,
सुईसारखे.
आपलं काळं तसं नाही.
याच्या चादरी रागाने ट्रंकेत कोंबलेल्या,
सगळीकडे फटी, खळगे, कोपरे.
तीन हजारावर नेलं तरी सरळ होत नाही.
‘हट्टी आहे,’ ती म्हणते. ‘होऊ दे कामाचं.’

पण घट.
सोनार धरतो तशी घट
आम्हीही धरतो, वहीत, लाल शाईने.
पहिल्या चार्जिंगला शंभर आत पाठवले
तर परत येतात अठ्ठ्याहत्तर.
उरलेले बहुतेक पृष्ठभागावर पापुद्रा होतात.
तो पापुद्रा नसेल तर बॅटरी रोज थोडी थोडी नासेल,
म्हणून त्यांना दोषही देता येत नाही.
खळग्यांची तोंडं बुजवायची, पोकळी मात्र राखायची,
अकरा महिने आम्ही एवढंच करतोय.
साखर लावून पाहिली. डांबर लावून पाहिलं.
अठ्ठ्याहत्तर. एकोणऐंशी. पुन्हा अठ्ठ्याहत्तर.

गुरुवारी वडील आले, माझा विसरलेला डबा घेऊन.
बॉयलरने कान नेलेत, म्हणून ओरडून बोलतात.
चिमूटभर पूड हुंगली.
‘वासच नाही!’ जरा दुखावल्यासारखे.
मग बोटावर चोळत म्हणाले,
‘धुता का रे हे? किती वेळा?’
एकदा, आम्लात, असं मी सांगितलं.
‘एकदा!’
सगळं दालन वळलं.
‘यात सोडियम गोचिडासारखा बसतो.
आमच्या नळ्या त्यानेच खाल्ल्या.
तुमचा कोळसाही खात असेल.
कढत पाण्याने धुवा, तीनदा. चौथ्यांदा माझ्यासाठी.’

रिट्वाने भुवई उडवली, पण लिहून घेतलं.

नमुना त्रेसष्ट, चारदा धुतलेला.
आर्गॉनच्या पेटीत, जाड हातमोज्यांतून,
मी त्याचं नाणं बंद केलं,
शर्टाच्या बटणाएवढी बॅटरी.
तीन दिवसांनी आकडा आला, चौऱ्याऐंशी.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
ओनीने पुन्हा मोजलं. चौऱ्याऐंशी.
वहीत स्रोताच्या रकान्यात रिट्वाने लिहिलं,
टौनो, निवृत्त, तोंडी.

आणि गुरुवारी संध्याकाळी काय झालं ते सांगायचं राहिलंच.
त्यांची जुनी गाडी सुरूच होईना,
थंडीत बॅटरी मेलेली.
आवारात, दिव्याखाली, मी केबल जोडत होते,
एक लाल, एक काळी,
आणि ते बर्फात पाय आपटत
आख्ख्या संशोधन संस्थेला ऐकू जाईल असं म्हणत होते,
‘सिर्का, तुम्ही सगळे मिळून नक्की करता काय इथे?’